चिनी मरण, जपानी मरण आणि गावाकडचा फोन

कुवेतमध्ये मी नक्की काय काम करत होतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते चारचौघांत सांगायचे, "जावई तेलात आहेत." तेलाशी माझा संबंध मेसमधल्या भज्यांपुरता होता. मी कॅम्प बॉस होतो. रिफायनरीच्या डागडुजीचं मोठं काम निघालं होतं आणि त्या कामावरची माणसं वफ्र्याच्या रस्त्याला, वाळूत मांडलेल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहायची. त्या माणसांचं खाणं, झोपणं, पाणी, ढेकूण, भांडणं आणि बंद पडलेले एसी हे सगळं माझ्या अंगावर होतं. 'बॉस' या शब्दाला फसू नका. नाशकात कारखान्याच्या कँटीनचा सुपरवायझर जे करतो तेच मी वाळवंटात करत होतो, फक्त घरी जायला संध्याकाळी बस नव्हती.

याशिवाय दोन कामं होती, जी नेमणूकपत्रात कुठेच नव्हती. एक, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मेसमध्ये टीव्हीवर सिनेमा लावायचा. दुसरं, गावाकडून कुणाच्या मरणाचा फोन आला तर त्या माणसाला बोलावून सांगायचं. ही दोन कामं एकमेकांत कशी गुंतली ते मला सांगायचं आहे.

कॅम्पात बहुतेक माणसं आपली होती. सुतार, फिटर, रंगारी. त्यात कोकणातले पुष्कळ. पलीकडच्या रांगेत चिनी वेल्डर होते. आणि थोडे जपानी इंजिनियर, ज्यांची खरी घरं सालमियात समुद्राजवळ होती, पण कामाच्या दिवसांत ते कॅम्पातल्या गेस्ट हाऊसमध्ये झोपायचे. शुक्रवारी हिंदी सिनेमा लागायचा. चिनी लोक मागच्या बाकांवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत तो बघायचे आणि मारामारीला टाळ्या द्यायचे. मग एकदा त्यांचा दुभाषा वांग माझ्याकडे आला आणि म्हणाला, आम्हालाही बाकीच्यांना आमचं काहीतरी दाखवायचं आहे. वांग हा किडकिडीत, पूर्वी कुठल्यातरी शाळेत मास्तर असलेला माणूस. सिनेमा चालू असताना तो टीव्हीशेजारी फूटपट्टी घेऊन उभा राहिला आणि इंग्रजीत गोष्ट सांगू लागला. मी ती हिंदीत करायचो. मागच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत गोष्टीचं काय होत असेल, देव जाणे.

त्या चिनी सिनेमात एक म्हातारी होती. तिचा थोरला मुलगा कोळशाच्या खाणीत मरतो. हे सगळ्या गावाला कळतं आणि म्हातारीला मात्र कुणी सांगत नाही. सुना लाल कपडे घालून वावरतात, शेजारी येऊन हसून बोलतात, एक नातू मेलेल्या चुलत्याच्या आवाजात लांबून हाक मारतो. म्हातारीचा वाढदिवस येतो, डुक्कर कापतात, मोठी पंगत बसते. सगळे पोटभर जेवतात, आणि एकेक जण उठून घरामागे जाऊन रडून येतो. शेवटी म्हातारी स्वतः उठते, थोरल्यासाठी मांडलेला वाडगा उचलते, धुते आणि फळीवर पालथा घालून ठेवते. बस. तिला आधीपासून माहीत होतं. चिनी बाकांवर नाकं शिंकरण्याचा आवाज झाला. आमच्या माणसांनाही गोष्ट पटली होती, कारण ती आमचीच होती. दुःख आहे, पण ते ज्याचं त्याला द्यायचं नाही, बाकीच्यांनी वाटून घ्यायचं.

ही चढाओढ मोरितांना कळली. मोरिता हे जपानी इंजिनियरांमधले वडीलधारे. काँक्रीटचं काम त्यांच्याकडे होतं. ते पुढच्या सुट्टीला एक कॅसेट घेऊन आले, खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, यात समजावून सांगण्यासारखं फार नाही. ते खरं होतं. एक म्हातारा छपरं शाकारणारा असतो. त्याला डॉक्टर काहीतरी सांगतो, ते आपल्याला ऐकू येत नाही. मग तो घरोघर जाऊन उसन्या आणलेल्या वस्तू परत करतो. कुणाचा कोयता, कुणाचं पातेलं, एक जुनी छत्री, जिची मालकीण गाव सोडून गेली आहे, म्हणून तो तिला शोधत दुसऱ्या गावी जातो. परत येऊन स्वतःच्या घराच्या छपराचा एक कोपरा नीट करतो. त्यानंतर एक रिकामी खोली दिसते, दोरीवर धुतलेले कपडे हलताना दिसतात, आणि बायको अंगण झाडते. सिनेमा संपला.

"अहो, पण म्हातारा मेला कधी?" मागून कुणीतरी ओरडलं.

मला कॅसेट मागे न्यावी लागली. पुन्हा रिकामी खोली, पुन्हा कपडे. "इथे," मोरिता म्हणाले. "इथे कुठे?" "इथेच. काम संपलं, म्हणून गेला." आमचे लोक फार वैतागले. मरणाचा सीन कापून टाकलाय, असं एका रंगाऱ्याचं ठाम मत झालं. ते त्याने कधीच बदललं नाही.

चार सिनेमे बघून एखाद्या देशाबद्दल बोलू नये हे मलाही कळतं. एकदा मोरितांना मी म्हटलं, तुमच्याकडे माणसं किती शांतपणे जातात. ते बराच वेळ हसले. "सिनेमात," ते म्हणाले. "माझे काका हॉस्पिटलात सगळ्यांना शिव्या देत गेले." मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मनात बसलं. कसं जावं असं वाटतं, ते लोक सिनेमात दाखवतात. मी आपल्या सिनेमाचा विचार केला. आपला नट गोळी लागल्यावरही आईला, बहिणीला, प्रेयसीला, मित्राला, सगळ्यांना सगळं सांगून मगच मान टाकतो. आणि आपल्या घरात? आपल्या घरात माणूस गेल्याची बातमीसुद्धा कुणी धड सांगत नाही.

हे मी अनुभवाने म्हणतो, कारण ते फोन मी घेत होतो. त्या काळी मोबाईल नव्हते. गावाकडचा कुणीतरी तालुक्याला जाऊन बूथवरून फोन लावायचा आणि तो कॅम्पच्या ऑफिसात माझ्या टेबलावर वाजायचा. "वडिलांना जरा बरं नाही, त्याला धाडून द्या." बरं नाही म्हणजे वडील गेले, हे पलीकडच्याला माहीत, मला माहीत, आणि माझ्यासमोर उभ्या राहिलेल्यालाही माहीत. तरी आम्ही तिघे मिळून वडिलांना जिवंत ठेवायचो. विमानात बसेपर्यंत पोराचा धीर सुटू नये एवढाच त्यात हेतू. राजापूरकडचा सुरेश नावाचा फिटर होता. त्याच्या घरून सांगितलं, "आजारी आहेत, पण पेज घेतात." मी तसंच सांगितलं. पेज घेतात या शब्दावर तो पोरगा मुंबईपर्यंत आशेने गेला. घरी पोचला तर अंगणात भटजी बसलेले. परत आल्यावर त्याने मला दोष दिला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "पेजेचं कशाला सांगितलं त्यांनी?"

त्याच सुमारास मोरितांचे वडील गेले. सकाळच्या मीटिंगला ते नेहमीसारखे आले आणि उभे राहून म्हणाले, "काल माझे वडील वारले. मी उद्या जाईन. आजचं काँक्रीट मी बघून जाणार." खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना. आमचा इजिप्शियन मॅनेजर तर दचकून उठलाच. मला मात्र ते वाक्य ऐकून मोकळं वाटलं. वारले. किती सरळ शब्द आहे.

मी त्या दिवसापासून ठरवलं की आपणही असंच सांगायचं. फोनवर आलेल्याला खोदून विचारायचं, आणि जे असेल ते सांगायचं. हेही एक कामच आहे, बरं का, आणि ते शिकावं लागतं. ऑफिसात बोलावण्याआधी त्याच्या खोलीतला एक जण दाराबाहेर आणून ठेवायचा. खुर्ची भिंतीला टेकून हवी, कारण माणूस मागे पडतो. 'बस' असं म्हणायचं नाही, त्यानेच घात होतो. आधी स्वतः बसायचं, मग तो बसतो. आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. त्यानंतरचं एकही वाक्य त्याला ऐकू जात नाही. लोकांनी सुरुवातीला मला दगड म्हटलं. पुढे हळूहळू असं झालं की माझ्याकडून आलेली बातमी खरी, असं कॅम्पात मानलं जाऊ लागलं. मला त्याचा अभिमान होता. आजही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

आता दत्तारामची गोष्ट.

दत्ताराम कणकवलीकडचा शटरिंग सुतार. काँक्रीट ओतायच्या आधी जो लाकडी साचा बांधतात, ते त्याचं काम. मोरितांचा तो लाडका होता, कारण त्याने बांधलेल्या साच्यातून पाण्याचा थेंब गळत नसे. वडील तो लहान असतानाच गेलेले. गावी आई, धाकटा भाऊ आणि भावाची बायको. त्याचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं, ते काँट्रॅक्ट संपल्यावर आई बघणार होती. हा जास्त बोलायचा नाही. चिनी सिनेमा बघून मात्र त्याने मला विचारलं होतं, "त्या म्हातारेक कधीपासून म्हायत होता?" मी वांगला विचारलं. वांग म्हणाला, आईला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

एका दुपारी त्याच्या भावाचा फोन आला.

"साहेबांनू, मी दत्तारामाचो भाव बोलतंय. आवशीक जास्त आसा. तेका धाडून दिया."

मी माझ्या नव्या नियमाप्रमाणे दरडावून विचारलं, "आई आहे की गेली? मला सरळ सांग."

"आसा, साहेबांनू, आसा! सकाळीच चमचोभर पेज घेतल्यान. दत्तू दत्तू करता. डॉक्टर म्हणता, आता काय भरवसो नाय."

मी पुन्हा विचारलं, शपथ घालून विचारलं. तो रडकुंडीला आला. हा माणूस खरं बोलत होता, एवढी फोन घेऊन घेऊन माझ्या कानाला पारख झाली होती. मी दत्तारामला बोलावलं आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "तुझी आई आजारी आहे, पण जिवंत आहे. लगेच निघ, भेट होईल."

तो भिंतीकडे बघत होता. "काय सांगल्यान आणखी?"

"सकाळी पेज घेतली म्हणाला."

"पेज घेतल्यान म्हणाला?" दत्तारामने डोळे मिटले. "मगे गेली."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, अरे, मी कधी खोटं सांगितलंय का? त्यावर तो म्हणाला,

"तुमी खोटा बोलूचास नाय, ता माका म्हायत आसा. पण तुमका खरा कोणी सांगल्यान?"

मी त्याला निघ म्हणत होतो आणि तो नाही म्हणत होता. आई असती तर तो चालत गेला असता. पण गेलेल्या आईसाठी काँट्रॅक्ट मध्येच मोडून, परत येण्याची खात्री नसताना, धाकट्याने अग्नी दिलेल्या राखेकडे बघायला तो जाणार नव्हता. "जावन कोणाक बघू?" एवढंच तो म्हणत राहिला. फोनवर आईला आणावं म्हटलं, तर फोन हमरस्त्यावरच्या दुकानात आणि घर ओढ्यापलीकडे चढावर. अंथरुणातून उठता न येणाऱ्या बाईला तिथवर आणलं असतं तर ती वाटेतच गेली असती. भावाला मी सांगितलं, तूच बोल त्याच्याशी. दोघे बोलले. फोन ठेवून दत्ताराम म्हणाला, "तो रडत होतो, साहेबांनू. असलेल्या माणसासाठी कोण रडता?"

दोन दिवसांनी सकाळी मी मेसच्या मागे गेलो तर पाण्याच्या टाकीजवळ उलट्या बादलीवर दत्ताराम बसला होता, आणि कॅम्पातला तेलुगू न्हावी त्याच्या डोक्यावरून वस्तरा चालवत होता. केस वाळूत पडले होते. मिशीही गेली होती. परमुलुखातल्यांना कदाचित कळणार नाही, पण आपल्याकडे माणूस एरवी हौसेने मिशी काढत नाही. ती आईबाप गेल्यावर जाते. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अरे, बाई जिवंत आहे! जिवंत बाईचं सुतक धरतोस?" तो उठला, टाकीखाली डोकं धरून त्याने अंघोळ केली आणि कामावर गेला. मला कधी कुणाचा इतका राग आला नसेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, हे मला त्याच वेळी कळत होतं. म्हणूनच राग जास्त येत होता.

त्या संध्याकाळी मोरिता दत्तारामच्या खोलीशी आले. त्यांनी काळा टाय बांधला होता. दारात बूट काढले, कमरेत पूर्ण वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमच्या आईबद्दल ऐकलं." मी धावत गेलो आणि त्यांना बाहेर घेऊन सांगितलं की सर, ती बाई अजून आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही, पण टाय त्यांनी तिथेच सोडला आणि खिशात घातला. "मग हा इथे काय करतोय?" त्यांनी विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं, आमच्याकडे फोनवर कसं बोलतात ते. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे आजारी माणसासाठी शब्दच उरलेला नाही." वांगही शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने मान डोलावली आणि आपल्या देशाची बाजू घेतल्यासारखा म्हणाला, "आम्ही फक्त म्हाताऱ्यांना फसवतो. तुम्ही सगळ्यांना फसवता."

पण सुचवलं वांगनेच. तो म्हणाला, ऐकून त्याला पटत नाही, तर त्याला दाखवा. सिनेमा काढा.

मी कणकवलीला फोन लावला. भावाने लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका व्हिडिओवाल्याला घरी नेलं. कॅसेट मुंबईला गेली, आणि सुट्टी संपवून परतणाऱ्या एका फिटरच्या बॅगेतून कुवेतला आली. या सगळ्यात जे दिवस गेले ते मी अक्षरशः अंगावर काढले. रोज सकाळी ऑफिसचा फोन वाजला की मी तो चार घंट्या वाजू द्यायचो. आता खरीच गेली, असा तो फोन असणार आणि तो मी दत्तारामला कोणत्या तोंडाने सांगणार? तो तर आई गेली असं केव्हाच धरून बसला होता.

कॅसेट हातात आली तो शुक्रवार होता. मेस भरलेली होती, चिनी लोक बिया घेऊन बसले होते. मी दत्तारामला एकट्याला ऑफिसात नेऊन दाखवणार होतो, पण टीव्ही एकच आणि तो मेसच्या भिंतीला साखळीने बांधलेला. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. कुणी हललं नाही. शेवटी दत्तारामच म्हणाला, "ऱ्हवांदेत. लावा."

पहिल्यांदा पडद्यावर गुलाबाची फुलं आली. ती गोल फिरली, सनई वाजली, आणि सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' उमटलं. व्हिडिओवाल्याला दुसरी सुरुवातच येत नव्हती. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग फुलं जाऊन एक मातीची भिंत आली, खाट आली, आणि खाटेवर एवढीशी बाई. लग्नाच्या शूटिंगचा तो भगभगीत दिवा तिच्या तोंडावर होता. ती डोळ्यांवर हात आडवा धरत होती.

"ह्यो उजेड कित्याक?" तिने विचारलं.

भावाचा आवाज आला, "आये, दत्तूक काय तरी सांग."

"खय आसा तो?"

"ह्येच्यात बघ. ह्येच्यात बोल."

म्हातारीने कॅमेऱ्याकडे बघितलं. सगळी मेस तिच्यासमोर होती आणि ती सगळ्यांकडे बघत होती. "दत्तू," ती म्हणाली, "फणस पिकान पडतत. खावक कोण नाय." मग तिला धाप लागली.

मी दत्तारामकडे बघितलं. त्याचा चेहरा तसाच होता. "ह्या कधीचा आसा?" तो म्हणाला. "टेपात काय, मेलेली माणसा पण बोलतत." सिनेमाचं तेच तर आहे. इतक्यात पडद्यावर भावाची बायको वाकली आणि तिने म्हातारीच्या कुशीत एक तान्हं मूल ठेवलं. म्हातारीने खाटेवर पडलेला पेजेचा चमचा बाजूला सारून त्या मुलाच्या टाळूवर हात ठेवला. ते मूल दत्तारामने केस काढल्यानंतर जन्मलेलं; त्याची बातमी नुकतीच आली होती. सुतक धरलेलं असूनही त्याने त्या आनंदात खोलीत खजुराचं पाकीट वाटलं होतं. हे जुनं असणं शक्यच नव्हतं.

दत्ताराम उभा राहिला. टीव्हीच्या उजेडात त्याचं भादरलेलं डोकं सगळ्यांना दिसत होतं. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि ते झाकायचा प्रयत्न केला. पडद्यावरून आई बघत होती ना. तो आवाज न करता तोंड उघडून रडत होता आणि डोकं झाकत होता. चिनी लोकांच्या बाकांवर कुणीही बी फोडली नाही.

ती कॅसेट पुढे संपली की मी बंद केली, ते मला आठवत नाही. आठवतं ते हे, की मॅनेजरने एका शब्दाने न अडवता पासपोर्ट काढून दिला, आणि कंपनीचे सरकारी कागद करणारा मंदूब त्याची सुट्टी असताना त्या कामासाठी घराबाहेर पडला. मोरितांनी स्वतःच्या गाडीने दत्तारामला विमानतळावर सोडलं. तो गेला आणि त्या कॅम्पात परत आला नाही. काँट्रॅक्ट मोडलं ते मोडलंच. त्याच्या जागी आलेल्या सुताराचे साचे गळायचे, आणि मोरिता ते बघून निघून जायचे. आई भेटली की नाही, हे मला कळलं नाही. भावाला फोन लावायला मी अनेकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. लोकांना सरळ बातम्या देणारा मी, माझ्यापुरती एक बातमी विचारायला घाबरलो. कुणाला सांगू नका.

मग पुष्कळ वर्षं गेली. तो कॅम्प मोडला, मोरिता निवृत्त होऊन गेले, वांग कुठे गेला माहीत नाही. मी दुसऱ्या कंपनीत लागलो, बायको-मुलांना आणून सालमियात राहू लागलो. मोबाईल आले. गावाकडचे लोक आता थेट पोराच्याच मोबाईलवर खोटं बोलू लागले, आणि माझं ते काम सुटलं. मुलगी इंग्रजीतच उत्तर द्यायची. तिला मी एकदा त्या जपानी सिनेमाची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "बाबा, बट व्हाय डिडन्ट ही टेल हिज वाइफ?" हा प्रश्न कॅम्पात कुणालाच पडला नव्हता.

एका दुपारी कुवेतमध्येच, एगैलाच्या एका मॉलमध्ये गेलो होतो. एका दुकानाला आतून लाकडाचं अस्तर लावायचं काम चाललं होतं. गुडघ्यावर बसून पट्टी ठोकणारा माणूस मान वर करून म्हणाला, "साहेबांनू, वळाखलास?" केस पांढरे व्हायला लागलेले, मिशी भरदार. दत्ताराम.

आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसून चहा घेतला. त्याचं लग्न झालं होतं, दोन मुलं होती. इकडचं-तिकडचं बोलून झालं, आणि मग मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"आई भेटली?"

"भेटली तर," तो म्हणाला. "मी गेल्यावर आठवडोभर होती. मगे गेली."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. म्हटलं, चला, वांगचा सिनेमा कामाला आला. तो हसला नाही. चहाचा कागदी कप दोन्ही हातांत फिरवत राहिला.

"केस धड वाढूक नव्हते, साहेबांनू. ती खरीच गेली तेवा न्हावी येवन माझ्या डोक्याकडे बघीत ऱ्हवलो. काढूक काय होताच नाय. नुसतो पाण्याचो हात फिरवल्यान."

आता आणखी काही विचारू नये असं वाटत होतं. पण त्यालाच सांगायचं होतं. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नसावं.

"घरात गेलंय तेवा ती जागी होती," तो म्हणाला. "माका बघल्यान. आधी वळाखल्यानच नाय. मगे डोक्याकडे बघल्यान, मिशेकडे बघल्यान. आणि विचारल्यान, कोण गेला रे झिला?"

दुकानातून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने हात करून थांब म्हटलं.

"मी सांगलंय, कोण नाय गे आये, थय उनान डोक्या तापता, म्हणान काढलंय. ती हसली. बापूस तर कधीचोच गेल्लो. आता माझ्या डोक्यावरचे केस जातीत असा घरात एकच माणूस उरलेला, ता तिका कळना नाय काय? माका जवळ बसवल्यान, डोक्यावरसून हात फिरवल्यान. म्हणाली, बरा झाला. तुझा एक काम तरी आटापला."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणतलंय?" दत्तारामने कप चुरगळला आणि उठला. "भावजयेकडना वाटी घेतलंय. पेज भरवलंय."